मोहोर मोजायचा की पेट्या? वंध्यत्व-उपचारांच्या निकालांचं गणित, नवख्यांसाठी

कलमं मोहोरली की बागायतदाराच्या तोंडावर हसू येतं, पण पेट्यांचा आकडा तो तेव्हा सांगत नाही. मोहोरातली बहुतेक फुलं गळणारच असतात. वाटाण्याएवढी कैरी धरते, तीही गळते. सुपारीएवढी झालेली वाऱ्याने पडते, नाहीतर तुडतुडा लागतो. "यंदा किती टक्के फळ धरलं?" असं विचारलंत तर जुना बागायतदार उलट विचारतो, "कशाच्या टक्के?"

वंध्यत्वावरच्या उपचारांचे निकाल मोजायला बसणाऱ्याने हा उलट प्रश्न पाठ करून ठेवावा. मी रत्नागिरीत संख्याशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं डॉक्टर मंडळींच्या वह्या, एक्सेलच्या फायली नीट लावून देते. एमएस्सीला असलेली मुलं, नुकताच दवाखाना थाटलेले डॉक्टर आणि जिच्याकडे 'तूच बघ गं ते रजिस्टर' म्हणून काम सोपवलेलं असतं ती सिस्टर, या तिघांसाठी हे लिहिते आहे. कुठला उपचार घ्यावा ते यात सापडणार नाही. आकडा कसा बनतो आणि कसा बिघडतो, तेवढंच आहे.

पायरी १: आधी छेद

समजण्यापुरते रचलेले आकडे घेऊ. १०० बायकांनी आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर भ्रूण तयार करण्याच्या उपचाराची, सायकल (एक फेरी) सुरू केली. इंजेक्शनं चालू असताना १० जणींची सायकल रद्द झाली, म्हणजे ९० जणींचं स्त्रीबीज काढलं, ज्याला सगळे 'पिकअप' म्हणतात. भ्रूण तयार होऊन ते गर्भाशयात सोडण्यापर्यंत, म्हणजे ट्रान्स्फरपर्यंत, पोचल्या ७५. त्यातल्या ३५ जणींची बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भपिशवी दिसली ३० जणींना. मूल हातात आलं २४ जणींच्या.

आता यशाचा दर किती? २४ भागिले १००, म्हणजे २४ टक्के. पिकअपने भागलं तर जवळजवळ २७. ट्रान्स्फरने भागलं तर ३२. आणि अंशात बाळाऐवजी बीटा धरली, तर ३५ भागिले ७५, म्हणजे ४७ टक्के. बायका त्याच, रजिस्टर तेच, कोणी खोटं बोललेलं नाही आणि आकडा २४ पासून ४७ पर्यंत फिरला. एसटी स्टँडसमोरच्या फलकावर कुठला लागतो ते सांगायला नको.

यातला कुठलाही छेद मुळात चुकीचा नाही. प्रयोगशाळेत भ्रूण सोडायची नवी नळी, म्हणजे कॅथेटर, आणलं आणि त्याने फरक पडला का हे पाहायचं असेल, तर ट्रान्स्फर हाच छेद बरोबर. पण समोर बसलेलं जोडपं विचारतं, 'आम्ही आज सुरुवात केली तर मूल घरी येईल का?' त्याचं उत्तर ट्रान्स्फरवर भागून देता येत नाही, कारण ट्रान्स्फरपर्यंत आपण पोचू की नाही हे त्यांना आज माहीत नसतं. ज्या क्षणी निर्णय घ्यायचा असतो त्या क्षणी जेवढे लोक रांगेत उभे आहेत, तेवढे सगळे छेदात. नंतर गळले म्हणून खालून काढायचे नाहीत. पुढच्या सगळ्या पायऱ्या एका अर्थी याच गोष्टीची राखण करतात.

पायरी २: 'यश' म्हणजे काय, ते लिहून ठेवा

बीटा पॉझिटिव्ह आली पण पिशवी दिसलीच नाही, तर ती बायोकेमिकल गर्भधारणा. सोनोग्राफीत पिशवी दिसली की क्लिनिकल गर्भधारणा. ठोके दिसले आणि गर्भ वाढत राहिला तर पुढची पायरी. शेवटी जिवंत जन्म. अभ्यास कुठलाही असो, जिवंत जन्म हा रकाना असायलाच हवा. वेळ कमी म्हणून गर्भधारणेवर थांबावं लागलं, तर तसं पहिल्या ओळीत लिहा, तळटीपेत नको.

जुळी झाली तर काय? यश एकच. दोन बाळं म्हणून अंशात दोन धरले की ट्रान्स्फरला जास्त भ्रूण सोडणारा दवाखाना आपोआप वर जातो. जुळ्या-तिळ्यांमध्ये वेळेआधी प्रसूतीचा आणि कमी वजनाचा धोका मोठा असतो, त्यामुळे एकाहून अधिक गर्भ हा निकाल वेगळ्या रकान्यात, आणि खरं तर धोक्याच्या बाजूला मांडायचा. गर्भपात, एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर रुजलेला गर्भ), प्रसूतीच्या वेळचे आठवडे, बाळाचं वजन हेही रकाने आजच आखा. नंतर कोणी भरत नाही.

पायरी ३: वही

इथे जरा रेंगाळते, कारण माझा निम्मा वेळ इथेच जातो.

एका जोडप्याला एक ओळ, अशी फाइल बहुतेक ठिकाणी असते. दुसरी सायकल झाली की उजवीकडे आणखी रकाने जोडतात, 'सायकल २ तारीख', 'सायकल २ निकाल', आणि फाइल खाडीसारखी आडवी पसरत जाते. त्याऐवजी तीन तक्ते करा. पहिल्यात एका बाईला एक ओळ: सांकेतिक क्रमांक, जन्मतारीख, किती वर्षं प्रयत्न, निदान, एएमएच (स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी). दुसऱ्यात एका सायकलला एक ओळ. तिसऱ्यात एका ट्रान्स्फरला एक ओळ. तिघांना जोडणारा धागा म्हणजे तो सांकेतिक क्रमांक. नाव आणि मोबाइल यांची यादी वेगळी, कुलपात. गावं लहान असतात. 'पावसची, बत्तीस वर्षांची, नवरा बोटीवर' एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. निकाल छापायचे असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी काम सुरू करण्याआधी घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं त्यासाठी वाचून ठेवा. शिवाय एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २०२१ नंतर दवाखान्यांची नोंदणी आणि राष्ट्रीय रजिस्ट्रीला माहिती देणं बंधनकारक झालेलं आहे. म्हणजे वही ठेवायचीच आहे, तर धड ठेवू.

वयाचा रकाना फसवा असतो. गोठवलेलं भ्रूण दोन वर्षांनी सोडलं तर बाईचं वय दोन वर्षांनी वाढलेलं असतं, पण स्त्रीबीजाचं वय पिकअपच्या दिवशीचंच राहतं. मी एकदा ट्रान्स्फरच्या दिवशीचं वय घेऊन पूर्ण विश्लेषण केलं आणि चाळिशीनंतरही निकाल छान येतात असा आलेख अभिमानाने दाखवला. त्या बैठकीतल्या भ्रूणतज्ज्ञ बाईंनी एकच प्रश्न विचारला आणि मी लॅपटॉप मिटला. दात्याचं स्त्रीबीज असेल तर तो गट वेगळाच ठेवायचा, सरसकट मिसळायचा नाही.

रिकामा रकाना आणि 'नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा. शून्य टाकू नका.

कोकणात आणखी एक रकाना लागतो, जो कुठल्याही तयार फॉर्ममध्ये नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत १२ महिने किंवा त्याहून जास्त काळ नियमित, गर्भनिरोधकाशिवाय संबंध असूनही गर्भ राहिला नाही तर वंध्यत्व धरतात. आमच्याकडे नवरा मुंबईला, नाहीतर आखातात, नाहीतर जहाजावर. गणपतीला दहा दिवस, शिमग्याला आठ, मे महिन्यात पंधरा. लग्नाला तीन वर्षं झाली, पण एकत्र राहिले ते मोजून चार महिने. याला 'तीन वर्षांचं वंध्यत्व' लिहिलं तर पुढचं सगळं गणित वाकडं जातं. म्हणून 'गेल्या १२ महिन्यांत किती महिने एकत्र' हे विचारा. मासेमारी करणाऱ्या घरांचं आणखी वेगळं. १ जून ते ३१ जुलै बंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, तेव्हा नवरा घरी आणि तपासणीलाही सवड. त्या दोन महिन्यांत गर्दी वाढली म्हणून वंध्यत्व वाढलं असा निष्कर्ष काढणारा प्रकल्प अहवाल मी परत पाठवलेला आहे.

नोंदींचं मोल कळायला आपल्याच देशातली एक गोष्ट पुरे. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर जेमतेम सत्तर दिवसांनी. त्यांचं म्हणणं सरकारी समितीने मानलं नाही आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपवलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या आणि देशातलं पहिलं म्हणून गाजलेल्या टेस्ट ट्यूब बाळामागे डॉ. इंदिरा हिंदुजांसोबत ज्यांचा हात होता, त्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखोपाध्यायांची कागदपत्रं स्वतः वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिलेपणाचं श्रेय मुखोपाध्यायांचं आहे. माणूस राहिला नव्हता, टिपणं राहिली होती.

पायरी ४: पेढे घेऊन न आलेल्या

पहिलं बाळंतपण माहेरी. ही रीत संख्याशास्त्राच्या मुळावर येते. उपचार रत्नागिरीत, प्रसूती चिपळूणला, नाहीतर थेट डोंबिवलीत. आपल्या रजिस्टरात आठव्या महिन्यानंतर कोरं पान.

एका दवाखान्यात मी कोरे रकाने 'निकाल नाही' म्हणून वगळले आणि उरलेल्यांवर टक्का काढला. फारच चांगला आला. सिस्टर बाजूला बसून यादी बघत होती. म्हणाली, "मॅडम, या सगळ्या पेढे घेऊन आलेल्याच आहेत की." बरोबर होतं तिचं. ज्यांना बाळ झालं त्या पेढे घेऊन आल्या आणि त्यांची नोंद झाली. ज्यांचा गर्भ पाचव्या महिन्यात गेला त्या कशाला येतील? कोरे रकाने निकालावरच अवलंबून होते. शास्त्रात याला लांबलचक नाव आहे, मी वर्गात 'पेढ्यांचा बायस' म्हणते आणि मुलं ते विसरत नाहीत.

उपाय संगणकात नाही, फोनमध्ये आहे. गर्भ राहिला की त्याच दिवशी अपेक्षित तारीख, माहेरचं गाव, दुसरा नंबर आणि फोन केला तर चालेल का, कोणी उचलला तर काय सांगायचं, हे सगळं विचारून ठेवा. सासूला उपचाराचं माहीत नसतं अशी घरं बरीच आहेत. तरीही काही जणी सापडणार नाहीत. मग दोन्ही टोकं मोजा: सापडल्या नाहीत त्या सगळ्यांना बाळ झालं असं धरून एकदा, एकीलाही झालं नाही असं धरून एकदा. या दोन आकड्यांतलं अंतर मोठं असेल, तर तुमचा निकाल अजून तयार नाही.

पायरी ५: टक्क्याला शेपूट हवं

२० जणींपैकी ७ जणींना बाळ झालं. ३५ टक्के. २०० पैकी ७०, तेही ३५ टक्केच. पण पहिल्या ३५ वर मी आंब्याची एक पेटीही लावणार नाही. खरा दर साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा म्हणजे हे शेपूट. शास्त्रातला ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल काढलात तर पहिल्या बाबतीत तो १८ ते ५७ येतो, दुसऱ्या बाबतीत २९ ते ४२. लहान दवाखान्यात शेपूट लांबच असणार, त्यात लाज नाही. शेपूट कापून टाकण्यात आहे.

आकडे लहान असताना पाठ्यपुस्तकातलं सोपं सूत्र वापरू नका. ते कधी शून्याच्या खाली जातं, कधी शंभराच्या वर. एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये दिलेली पद्धत वापरा, वरचे आकडे तिनेच काढलेत. आर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती एका ओळीत होते. कोडची भीती वाटत असेल तर जामोवी घ्या, तेही फुकट आहे आणि माऊसने चालतं.

आणि एखादी गुंतागुंत ३० जणींत एकदाही दिसली नाही म्हणून 'शून्य टक्के धोका' लिहू नका. ३ भागिले ३०, म्हणजे धोका १० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. ही तीनाची युक्ती बोटांवर जमते.

पायरी ६: एक बाई, अनेक सायकली

नवखे लोक सर्वाधिक इथे घसरतात. ६० बायकांच्या १४० सायकली झाल्या आणि फाइलमध्ये १४० ओळी आहेत म्हणून नमुना १४० चा होत नाही. एकाच बाईच्या तीन सायकली एकमेकींच्या बहिणी आहेत. गर्भाशय तेच, नवरा तोच, निदान तेच. त्यांना स्वतंत्र धरलं की शेपूट खोटं खोटं आखूड होतं. भ्रूणांचंही तसंच: दोन भ्रूण एकाच गर्भाशयात सोडले तर ते दोन वेगळे प्रयोग नव्हेत.

सुटकेचे दोन मार्ग. साधा मार्ग म्हणजे प्रत्येकीची पहिलीच सायकल घ्या. थोडी माहिती वाया जाते, पण चूक होत नाही. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. दुसरा मार्ग मिक्स्ड मॉडेलचा किंवा जीईईचा, ज्यात 'या ओळी एकाच बाईच्या आहेत' हे संगणकाला सांगता येतं. तो शिकवणीशिवाय करू नका.

'तीन सायकलींत मिळून किती?' हा जोडप्यांचा दुसरा प्रश्न. पुन्हा रचलेले आकडे. पहिल्या सायकलीत १०० पैकी २५ जणींना बाळ झालं. उरलेल्या ७५ पैकी ३० परत आल्याच नाहीत. ४५ जणींनी दुसरी सायकल घेतली, ९ जणींना झालं. उरलेल्या ३६ पैकी १६ गळल्या. २० जणींची तिसरी सायकल, त्यात ३.

सरळ हिशोब: २५ अधिक ९ अधिक ३, म्हणजे १०० पैकी ३७.

कॅप्लन-मायर पद्धतीने प्रत्येक सायकलीतला अपयशाचा वाटा गुणत जायचा. ०.७५ गुणिले ०.८० गुणिले ०.८५, म्हणजे ०.५१. यश ४९ टक्के.

३७ की ४९? कॅप्लन-मायर गृहीत धरतं की ज्या गळल्या त्या उपचारांत टिकून राहिल्या असत्या तर उरलेल्यांइतक्याच यशस्वी झाल्या असत्या. ३७ चा हिशोब धरतो की गळलेल्या एकीलाही मूल झालं नसतं. खरं उत्तर बहुधा मधे कुठेतरी. का गळल्या, ते बघा. पैसे संपले, घाट ओलांडून कोल्हापूरला दर दोन दिवसांनी जाणं जमेना, अशा असतील तर ४९ च्या बाजूला झुका. डॉक्टरांनीच 'आता पुढे नको' सांगितलं असेल, स्त्रीबीजंच मिळत नसतील, तर ३७ च्या. नैसर्गिकपणे दिवस गेले म्हणून न आलेल्याही त्यात असतात, त्यांचं कारण वेगळं लिहा. गळण्याचं कारण हा रकाना म्हणूनच सोन्याचा. बोस्टनमधल्या ६,१६४ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सहा सायकलींनंतरचा दर आशावादी हिशोबाने ७२ टक्के आणि सावध हिशोबाने ५१ टक्के निघाला होता. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले होते. तुम्हीही तसंच करा.

जाता जाता: कॅप्लन आणि मायर यांचा १९५८ चा शोधनिबंध दोघांनी वेगवेगळा सुरू केला होता. मायर कॅन्सरच्या रुग्णांच्या आयुर्मानामागे होते आणि कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतील याच्या. दोघांचं गणित एकच निघालं.

सायकलीमागून सायकल दर का उतरतो, हेही समजून घ्या. निरोगी जोडप्यांत सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० ते २५ टक्के सांगतात. दर महिन्याला २० टक्केच कायम राहिली असती तर वर्षभरात ९३ टक्के जोडप्यांकडे गोड बातमी आली असती. प्रत्यक्षात साधारण ८५ टक्क्यांचा आकडा सांगितला जातो. कारण जोडपी सारखी नसतात. लवकर होणारी आधी बाहेर पडतात आणि मागे राहतात ती मुळात उशीर लागणारी. तिसऱ्या सायकलीचा दर कमी आला म्हणून उपचार 'बोथट' झाला असं नाही, रांगेत उभे असलेले लोक बदलले.

पायरी ७: तुलना

'अ' पद्धत बरी की 'ब'? चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नसेल, तर उत्तर द्यायची घाई नको. गोठवलेल्या भ्रूणांचे निकाल ताज्यांपेक्षा चांगले दिसले, तर आधी विचारा: गोठवायला भ्रूण उरतात कोणाकडे? ज्यांच्याकडे ते मुबलक असतात त्यांच्याकडे. म्हणजे तरुण, भरपूर स्त्रीबीजं असलेल्या बायका एका पारड्यात आधीच बसल्यात. वय, एएमएच, प्रयत्नांची वर्षं आणि आधीच्या गर्भधारणा हिशोबात धरण्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. ते शिका, पण वयाचे '३५ च्या खाली' आणि '३५ च्या वर' असे दोन तुकडे करू नका. तिशीच्या सुरुवातीपर्यंत उतार सौम्य असतो, पुढे पस्तिशी ओलांडली की कडा लागतो, आंबोलीच्या घाटासारखा. सरळ रेषेत किंवा दोन पेट्यांत तो बसत नाही. स्प्लाइन नावाची वाकणारी रेषा वापरा.

लॉजिस्टिक रिग्रेशन ऑड्स रेशो देतं (प्रत्येक गटात झालेल्या भागिले न झालेल्या, मग त्या दोन आकड्यांचा भागाकार) आणि लोक त्याचा अर्थ 'पट' असा लावतात. एका गटात ४० टक्के, दुसऱ्यात २५ टक्के. शक्यतेची पट १.६. ऑड्स रेशो मात्र २. दुसऱ्या दिवशी कोणीतरी 'दुप्पट यश' असं छापतं. त्यापेक्षा '१०० मागे १५ जास्त' असं लिहा, कोणालाही कळतं.

पुरुषांच्या तपासणीत वेगळाच सापळा आहे. शुक्राणूंची संख्या एकाच माणसात आठवड्या-आठवड्याला बरीच हलते. पहिल्या तपासणीत कमी आली म्हणून ज्यांना निवडलं, त्यांची दुसरी तपासणी काहीही न देता सरासरीने वरच येते. मधल्या तीन महिन्यांत जे कुठलं चूर्ण, गोळी किंवा काजू-बदामाचा लाडू दिला असेल, त्याला श्रेय जातं. गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईबाप आणि मुलांच्या उंचीत हे सरासरीकडे ओढलं जाणं दाखवलं होतं. तुलनेला उपचार न दिलेला गट नसेल तर 'आधी आणि नंतर'च्या तक्त्यावर विश्वास ठेवू नका.

नवसाचंही तेच. वाट पाहणाऱ्या जोडप्यांपैकी काहींना उपचारांशिवाय गर्भ राहतोच, आणि श्रेय जातं शेवटी जिथे जाऊन आले त्या जागेला, मग तो आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) असो की ग्रामदेवतेपुढचं गाऱ्हाणं.

खरोखर चिठ्ठ्या टाकून अभ्यास करायचा असेल तर दोन गोष्टी. चिठ्ठी बाईच्या नावाने निघते, सायकलीच्या नव्हे. आणि पहिली बाई दाखल होण्याआधी सीटीआरआय या क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत तो नोंदवायचा. चिठ्ठीत 'अ' आलं आणि बाईने मग 'अ' घेतलंच नाही, तरी ती 'अ'मध्येच मोजायची. छेदातून कोणाला खाली उतरवायचं नाही, हे पहिल्या पायरीतलंच.

पायरी ८: कौल एकदाच लावा

देवळात कौल लावताना प्रश्न आधी ठरलेला असतो. गुरव देवाच्या मूर्तीला कळे चिकटवतो, उजवा पडला की होकार. डावा पडला म्हणून प्रश्न थोडा बदलून पुन्हा लावला, मग पुन्हा, तर कधीतरी उजवा पडणारच, आणि गावातली म्हातारी माणसं अशा कौलाला हसतात.

पी-व्हॅल्यू म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली गेली की फरक खरा धरायची रीत आहे. तिचं नवखे लोक नेमकं हेच करतात. आधी सगळ्या बायकांत फरक बघितला, नाही मिळाला. मग फक्त तिशीच्या आतल्या, मग पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित एक विकार) असलेल्या, मग पावसाळ्यातल्या. काहीही फरक नसताना २० स्वतंत्र कसोट्या लावल्या तर एकदा तरी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून मुख्य प्रश्न एकच, तो आकडे उघडण्याआधी कागदावर, तारखेसकट. बाकीचं जे दिसेल ते 'सहज दिसलं' म्हणून वेगळं लिहा. त्यात वाईट काही नाही, नवे प्रश्न तिथूनच सुचतात.

कोकणातून बाहेर पडलेला एक गणिताचा माणूस मला या कामात सारखा आठवतो. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले रघुनाथराव मुंबईत विल्सन कॉलेजात गणित शिकवत आणि १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, ज्याची किंमत त्यांना नोकरीत मोजावी लागली. त्यांचा प्रश्न आपल्या अगदी उलटा होता, पण मूल कधी आणि कसं होतं याबद्दल पुटपुटण्याऐवजी नीट बोलायचं, ही खोड तीच.

लिहून काय द्यायचं

डॉक्टरांच्या हातात अखेर चार ओळी द्यायच्या असतात. मी हा साचा वापरते, रिकाम्या जागी तुमचे आकडे घाला:

'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सायकल सुरू केलेल्या सर्व __ जणींपैकी __ जणींना जिवंत बाळ झालं, म्हणजे __ टक्के, इंटरव्हल __ ते __. __ जणींचा निकाल कळला नाही. सगळ्या यशस्वी धरल्या तर दर __, एकही नाही धरली तर __. वय पिकअपच्या दिवशीचं. दात्याचं स्त्रीबीज असलेल्या __ जणी यात नाहीत. जुळी __.'

यातली 'निकाल कळला नाही' ही जागा भरायला सगळ्यांत जास्त दिवस लागतात. फोनची यादी गणपतीत काढू नका. घर भरलेलं असतं, फोन नणंद उचलते, आणि बाई 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. गौरी-गणपतींचं विसर्जन होऊन चाकरमानी परतले, की दुपारी तीनच्या सुमारास सिस्टरला फोन करू द्या.